शनिवारच्या दोन बादल्या

लर्विक
ता. ४ मार्च १९७२

प्रिय गिडियन यास, ऑस्लाचे अ. उ. आ.

तार मिळालीच असेल. तारेत मावले तेवढे शब्द घातले, बाकीचं आता लिहिते. आपला लाऊरी मंगळवारी, २२ फेब्रुवारीला, दुपारी चहाच्या वेळी गेला. छातीचं दुखणं गेल्या नाताळापासून वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, की सहासष्टाव्या वर्षी असा हिवाळा काढणं जड जातं. शेवटी फार त्रास झाला नाही. मी कप घेऊन गेले तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून होता. मला वाटलं बंदरातल्या बोटी मोजतोय.

शुक्रवारी पुरलं. वारा होता, पण पाऊस नव्हता. पुरुषमंडळी गल्लीतून दफनभूमीकडे चालत गेली आणि आम्ही बायका रिवाजाप्रमाणे घरी थांबलो. मासळीबाजारातले त्याचे सगळे सोबती आले होते. शेजारची मायमी सिंक्लेअर सकाळपासून चुलीशी होती. खारं मटण आणि बॅनॉकच्या रोट्या तिनेच केल्या. मी आभार मानायला गेले तर म्हणाली, की आभार राहू देत, लाऊरीने माझ्याकडून नेलेली शिडी तेवढी शोधून ठेव, नऊ वर्षं झाली. शिडी मिठाच्या कोठारात सापडली. तिच्यावर लाऊरीने आपलं नाव घातलं होतं.

घरात आता मी एकटी. शाळेच्या कचेरीतून सुटल्यापासून दिवस तसे मोकळेच होते, पण दोघांचे होते. लाऊरीची कामं मी वाटून घेतली आहेत, म्हणजे सगळी माझ्याच वाट्याला आली आहेत. धक्क्याकडचं दार भरतीआधी लावणं, चुलीसाठी पीटची ढेकळं आत आणणं, आणि शनिवारी मागच्या कोठारातल्या चुन्याच्या हौदात दोन बादल्या पाणी घालणं. आज शनिवार. घातलं.

तू जपून राहा. नोलाशिवाय तुझं जेवणाखाण्याचं कसं चालतं ते कधी नीट लिहीत नाहीस.

आहे तो जिव्हाळा असाच ठेव, तिघा भावंडांत आता आपण दोघंच उरलो.

तुझी,
ऑस्ला


पोर्ट चाल्मर्स, न्यूझीलंड
ता. २१ मार्च १९७२

प्रिय ऑस्ला हिस, गिडियनचा सा. न. वि. वि.

तार आली त्या दिवशी मी धक्क्यावर कामाला होतो. मुकादमाने ती आणून दिली आणि आपल्या कामाला गेला. मीही सुट्टी होईपर्यंत काम केलं. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

लाऊरीने वीस वर्षांत एकाही नाताळाला माझं पत्र चुकवलं नाही. प्रत्येक पत्रात शेवटी तोच प्रश्न असायचा, की गिडी, केव्हा येतोस? मी प्रत्येक वेळी लिहायचो, की येईन, पुढल्या वर्षी बघतो. आधी आइलीन लहान होती, मग नोलाचं आजारपण. आता आइलीनचं लग्न झालं, नोलाला जाऊन तीन वर्षं झाली आणि या पत्र्याच्या छपराखाली मी एकटा पावट्याचे डबे उघडतो. विचारलंस म्हणून लिहिलं.

तर ऐक. मी घरी येतोय. पाहुणा म्हणून नाही, कायमचा. बंदराच्या नोकरीतून सप्टेंबरात सुटतो आणि ऑक्टोबर उलटायच्या आत ॲबर्डीनच्या बोटीतून उतरतो. समुद्राकडची लाऊरीची खोली मला दे. रात्रभर खाली दगडांवर लाटा आपटतात त्या आवाजाशिवाय मी इथे एक रात्रही नीट झोपलो नाही, हे मी नोलालाही कधी सांगितलं नव्हतं.

एका गोष्टीचं मात्र समाधान आहे. लाऊरी कोरड्या घरात गेला. ५१चा तो उन्हाळा आठवतो का तुला? लढाईत तोफांचे चौथरे बांधता बांधता सिमेंटचं काम शिकलो आणि वाटलं, की बाबांनी दर वसंतात शिडीवर चढून चुना लावायचा, हे आता पुरे. घर, मिठाचं कोठार, मागचं कोठार, होडीची खोली, सगळ्याला तीन आठवड्यांत गिलावा केला. बाबा गल्लीत खिशात हात घालून उभे होते. म्हणाले, की तुझं काम चोख आहे. बाबांकडून तेवढं ऐकायला मी अडतीस वर्षं थांबलो होतो. ऑक्टोबरात निघालो तेव्हा वाटलं, निदान या माणसांना कोरडं ठेवून चाललोय.

आणि तो चुन्याचा हौद अजून आहे? बाबांची ती पांढरी लापशी? अगं, उपसून टाक. तिथे मला सुतारकामाचं टेबल ठेवायचंय. तुला उचलत नसेल तर थॉमस गौडीला सांग, तो अजून गवंडीकाम करत असेल तर.

तुझ्या लोभाचा भुकेला,
गिडियन


लर्विक
ता. १५ एप्रिल १९७२

प्रिय गिडियन यास, अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू येणार म्हणतोस, याचा आनंद झाला नाही असं समजू नकोस. पण घाई करू नये असं मला वाटतं. ऑक्टोबरानंतर इथे काय असतं ते तू विसरला असशील. तीन वाजता दिवे लावायचे आणि मग मार्चपर्यंत वाऱ्याशी भांडायचं. तू आता ऊन खाल्लेला माणूस. पुढच्या उन्हाळ्यात ये, महिनाभर राहून बघ, मग ठरव.

लाऊरीच्या खोलीत सध्या सामान भरलं आहे. तुला गल्लीकडची खोली बरी पडेल.

थॉमस गौडी आला होता. हौदासाठी नव्हे. समुद्राकडच्या भिंतीला खिडकीखालून एक भेग गेली आहे, ती दाखवायला मीच बोलावलं. तो आता चौसष्ट वर्षांचा आहे आणि बोलणं पूर्वीसारखंच. म्हणाला, की तुम्ही लीस्क मंडळी गवंड्याला फक्त चहाला बोलावता, म्हणून मी हत्यारं आणलीच नाहीत. पुन्हा येतो म्हणाला. काळजीचं काही नसावं.

हौद मी उपसलेला नाही. जड काम आहे. असू दे तो जागेवर.

मायमीने शिडी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवली. म्हणाली, इतकी वर्षं ती इथे होती, आमच्याकडे आता तिला जागा नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ऑस्ला


पोर्ट चाल्मर्स
ता. ५ मे १९७२

प्रिय ऑस्ला हिस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून जरा वाईट वाटलं, ते लिहूनच टाकतो. मी येऊ नये असं तुला वाटत असेल तर सरळ सांग. इतक्या वर्षांची घरातली घडी मोडायला कोणालाही जड जातं, त्याचा मला राग नाही. पण ऊन खाल्लेला माणूस वगैरे सांगू नकोस. माझं तिकीट काढून झालं आहे. बोट १२ सप्टेंबरला वेलिंग्टनहून सुटते. घरमालकाला सूचना दिली आहे. कपाट आणि पलंग आइलीन नेणार आहे.

भेगेचं तू फार थोडक्यात उरकलंस. मी सांगतो तसं कर. भेग किती रुंद आहे ते बघ, शिलिंगाचं नाणं आत जातं का? सरळ खाली जाते की पायऱ्या पायऱ्यांनी? मग काचेची एक पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने पक्की बसव आणि तारीख लिही. काच टिकली तर भिंत थांबलेली आहे. फुटली तर चालते आहे. मग मला खरंखरं कळव.

वरवरचा तडा असेल तर मी येऊन बुजवतो. माझी थापी अजून तीच आहे, ५१ची. दांडा बदललाय.

तू रागावली नसशील, असं धरून चालणारा,
गिडियन


लर्विक
ता. ३ जून १९७२

प्रिय गिडियन यास, अ. उ. आ.

खरंखरं कळव म्हणालास. कळवते. खुर्चीत बसून वाच.

काच सोळा मे रोजी बसवली. वीस तारखेला फुटली.

त्यानंतर गौडी हत्यारं घेऊन आला. त्याने वरून ओळंबा सोडला. भिंत मधोमध चार बोटं बाहेर आली आहे, पोट आल्यासारखी. मग त्याने खिडकीखाली तुझ्या गिलाव्याचा एक तुकडा काढला. सहज निघाला नाही, त्याला घाम फुटला. म्हणाला, की हे ज्याने केलं त्याने मन लावून केलंय. तुकडा निघाला आणि आतून पाणी आलं. पाझर नव्हे, धार. दगडांच्या मधला सगळा भराव, जुनी माती आणि चुना, वाहून गेला आहे. गौडीने हात कोपरापर्यंत आत घातला आणि बाहेर काढला. मी त्याला पुसायला फडकं दिलं.

त्याने मला समजावलं ते असं. चुन्याची भिंत पावसात भिजते आणि वाऱ्यावर सुकते, दर वर्षी. सिमेंटला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि परत यायला वाट राहत नाही. समुद्रात पाय घालून उभ्या असलेल्या घराला तर खालूनही पाणी असतं. एकवीस वर्षं ते आतच राहिलं.

मला हे नवीन नव्हतं, गिडी. आम्हाला कोणालाच नव्हतं. तू गेल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात भिंतीवरचा कागद सुटायला लागला. बाबांनी पावसाच्या पिंपामागे पंजाएवढा गिलावा काढून पाहिला आणि परत बुजवला. त्या दिवशी जेवताना ते आईला, लाऊरीला आणि मला म्हणाले, की गिडी नव्या देशात नवा आहे, हे त्याच्या गळ्यात घालायचं नाही. त्याने हौसेने केलंय. तो घरी आला की आम्ही दोघं मिळून काढू. दोन-तीन वर्षांचा प्रश्न आहे. तोवर एक अक्षर लिहायचं नाही.

लाऊरी म्हणाला, की मी आणि थॉमस मिळून काढतो की उन्हाळ्यात. बाबा म्हणाले, की त्याचं काम त्याच्या पाठीमागे उकरायचं नाही. गावभर होईल, कोणीतरी त्याला लिहील. त्याने लावलं आहे, त्याच्या हाताने निघू दे.

म्हणून तो हौद. ५१च्या वसंतात बाबांनी फ्लॅडाबिस्टरच्या भट्टीतला कळीचा चुना आणून पाण्यात विरवला होता, त्या वर्षी लावायला. मग तू सिमेंट आणलंस. चुना पाण्याखाली राहिला तर खराब होत नाही, उलट मुरतो. बाबा दर शनिवारी गल्लीतल्या नळाचं दोन बादल्या पाणी घालायचे. समुद्र दोन पावलांवर, पण खारं पाणी चालत नाही. साठ साली बाबा गेल्यावर लाऊरी घालायला लागला. आई गेली त्या शनिवारीही त्याने घातलं. आम्ही चुना तुझ्यासाठी ठेवला होता.

लाऊरीच्या खोलीचंही लिहिते, आता अर्धवट ठेवण्यात अर्थ नाही. त्याचा पलंग भिंतीशी होता. ओल आली तसा तो दर वर्षी वीतभर आत ओढायचा. शेवटी पलंग खोलीच्या मध्यावर आला. तो त्याला होडी म्हणायचा. मी खोली बदल म्हटलं की म्हणायचा, की किनाऱ्याला लागतच आलोय, आता कुठे उतरवतेस मला. डॉक्टरांनी छातीबद्दल बोलताना भिंतीकडे पाहिलं होतं. मी पुढे विचारलं नाही.

हे मी तुला दोष द्यायला लिहिलेलं नाही. तू काचेचं विचारलं नसतंस तर लिहिलंही नसतं. बाबांना दिलेला शब्द मोडला, याचं मला वाईट वाटतं.

आजच्या बादल्या घातल्या.

रागावलास तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी,
ऑस्ला


पोर्ट चाल्मर्स
ता. २० जून १९७२

प्रिय ऑस्ला हिस, सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आठ दिवस लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

गौडीला विचार, की सगळा गिलावा काढला, दोन उन्हाळे भिंत सुकू दिली, आतून नवा भराव घातला, तर उभी राहील का? मी ते सगळं करीन. मजूर नको, कोणी नको. मी अजून दिवसभर छिन्नी चालवू शकतो. बोटीचं तिकीट बदलून ऑगस्टचं मिळतं का ते पाहतोय. खोलीही नको मला, मी कोठारात झोपेन.

चुना चांगला आहे का, तेही त्याला विचार. हात घालून बघायला सांग. तिथे आहे तो बाबांनी ठेवलेला, तोच लावायचा. दुसरा आणू नकोस.

त्याने ओळंबा अगदी माथ्यावरून सोडला की खिडकीपासून? चार बोटं म्हणजे गौडीची की तुझी? त्याचा हात मोठा आहे.

त्वरित उत्तर दे. तेवढी कृपा असू दे.

गिडियन


लर्विक
ता. २२ जुलै १९७२

प्रिय गिडियन यास, अ. उ. आ.

तुझे प्रश्न मी गौडीला कागदावर लिहून दिले. तो चष्मा आणायला घरी गेला, मग आला आणि प्रत्येक प्रश्न दोनदा वाचला. हसला नाही.

बोटं त्याचीच. आणि आता पाच झाली आहेत.

भिंतीबद्दल तो म्हणाला, की पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर हो म्हटलं असतं. दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर बघू म्हटलं असतं. आज त्या भिंतीत दगड एकमेकांवर नुसते टेकलेले आहेत. त्यांना धरून ठेवलंय ते सिमेंटच्या सालीने. साल काढली तर भिंत माझ्या अंगावर येईल. ठेवली तर एखाद्या वादळात सालीसकट समुद्रात जाईल. हे सांगून तो बराच वेळ टोपीशी खेळत बसला. मग म्हणाला, गिडीला लिही, की त्या काळी आम्ही सगळ्यांनी तेच केलं. मीसुद्धा या गावातल्या चार घरांना सिमेंट फासलंय. माझ्यासाठी कोणी हौद ठेवला नाही एवढंच.

नगरपालिकेचा माणूस तीन वेळा येऊन गेला. सभ्य माणूस आहे, पाय पुसून आत येतो. त्यांनी ठरवलं आहे, की घर आणि दोन्ही कोठारं शरदातल्या वादळांच्या आत उतरवायची. अडीचशे वर्षांचं घर म्हणून कोणीतरी एडिंबरोहून फोटो काढायला आलं होतं. त्याने खूप फोटो काढले. मला टेकडीवर एक घर दिलं आहे. एक खोली, स्वयंपाकघर, आत न्हाणी. फार कोरडं आहे. खिडकीतून दुसऱ्या घरांच्या खिडक्या दिसतात.

चुन्याचं विचारलंस. गौडीने फळी काढली, पाणी बाजूला केलं आणि बोटभर चुना घेतला. अंगठ्यावर चोळला. मग नखावर घेतला, मग वासही घेतला. म्हणाला, की उभ्या आयुष्यात असा चुना पाहिला नाही. लोण्यासारखा आहे. माझ्या बापाने असा चुना पाहिला असता तर तो रडला असता, आणि माझा बाप रडणारा नव्हता. मी विचारलं, की कुठे वापरता येईल? तो म्हणाला, की आता गावात चुना कोण लावतं.

तू तिकिटाचं काय केलंस ते कळव. टेकडीवर दुसरी खाट मावेल. मी मोजून पाहिलं आहे.

तू येशील या आशेवर असलेली,
ऑस्ला


पोर्ट चाल्मर्स
ता. ११ ऑगस्ट १९७२

प्रिय ऑस्ला हिस, सा. न. वि. वि.

तिकीट परत केलं. मी येत नाही.

तुझी खाट नको म्हणून नव्हे. बोट बंदरात शिरताना डाव्या हाताला आधी आपलं घर दिसायचं. तिथे मी कुठे पाहू? आणि चर्चमध्ये तू मला लाऊरीच्या जागी बसवशील. मला बसता येणार नाही.

बाबांची पत्रं काढून वाचली. सगळी ठेवलेली आहेत, नोलाच्या शिवणाच्या डब्यात. नऊ वर्षांत अठ्ठावीस. हवामान, मासळी, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ. चुना ठीक आहे, पाणी घातलं. मला ती म्हाताऱ्याची थट्टा वाटायची. सिमेंट आल्यावरही चुना सोडवत नाही म्हणून मी नोलाला वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. त्यांना जेवढं सांगता येत होतं तेवढं ते सांगत होते. लाऊरीचं केव्हा येतोस हेही मी नुसतं मायेने विचारलेलं समजत होतो.

त्यांनी एकदा, एका ओळीत लिहिलं असतं तर मी पोहत आलो असतो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्यांच्या जागी मीही लिहिलं नसतं. आपल्या घरात कोणीच लिहिलं नसतं.

एक विचारायचं आहे. लाऊरी माझ्याबद्दल काही बोलला होता का, शेवटी? काही असेल तर लिही. बरं नसेल तरी लिही.

मुकादमाला विचारून नोकरी आणखी वर्षभर वाढवून घेतली आहे. धक्क्याची भिंत करायची आहे. काँक्रीटची.

गिडियन


लर्विक
ता. ३० सप्टेंबर १९७२

प्रिय गिडियन यास, अ. उ. आ.

घर उतरवून झालं. अकरा दिवस लागले. पत्ता बदलला आहे, पाकिटाच्या मागे लिहिला आहे.

त्यांनी समुद्राकडून सुरुवात केली. गौडी काम करायला नव्हे, पण बघायला रोज यायचा. त्याने मला गल्लीत खुर्ची आणून दिली. मायमी म्हणाली, की बाई, हे बघत बसू नकोस, माझ्याकडे येऊन बटाटे सोल. मी बटाटे तिथेच घेऊन बसले. समुद्राकडची भिंत पडायला काही लागलं नाही. दोर बांधला, एकदा ओढला आणि सिमेंटची साल एका पत्र्यासारखी अखंड पुढे झुकली. दगड तिच्यामागून नुसते सांडले. तुझं काम खरंच चोख होतं, गिडी. साल कुठेही तुटली नव्हती.

त्याआधीच्या शनिवारी मी हौदात दोन बादल्या घातल्या. पुढच्या आठवड्यात तो जाणार हे माहीत होतं. नगरपालिकेचा माणूस तिथे उभा होता. त्याने एक बादली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ओतली.

मागचं कोठार शेवटी पाडलं. हौदाचा खड्डा उघडा ठेवता येत नाही, म्हणून समुद्राकडच्या भिंतीचे दगड त्यातच लोटले. पहिले काही दगड पडले तेव्हा चुना वर आला आणि दगडांच्या फटींत शिरून बसला. पांढराशुभ्र. मजुरांना मागे सरावं लागलं. गौडी माझ्याशेजारी होता. म्हणाला, की बघ, आता तुझ्या बापाच्या चुन्यात भिंतीचे दगड बसलेत. एवढंच बोलून तो निघून गेला, आणि नंतर आला नाही. त्यावर मग माती टाकून सपाट केलं. तिथे मोटारी उभ्या करणार आहेत म्हणे. तेलाच्या कंपन्यांची माणसं यायला लागली आहेत.

लाऊरीचं विचारलंस. मी लिहिणार नव्हते, पण आता आपल्यात न लिहिलेलं काही ठेवायचं नाही असं ठरवलं आहे. शेवटच्या सोमवारी त्याने मला विचारलं, की पाणी घातलंस का? मी म्हटलं, आज सोमवार आहे, परवाच घातलं. तो म्हणाला, की आता बंद कर. तो काही येत नाही. रागाने म्हणाला नाही. दार लावून घे म्हणावं, तसं म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेला. मी त्याचं ऐकलं नाही, पाणी घालत राहिले, आणि चार आठवड्यांनी तू येतोय म्हणून लिहिलंस. हे तुला दुःख द्यायला लिहीत नाही. विचारलंस म्हणून लिहिलं.

इथे नळ घरातच आहे. आज सकाळी मी दोन बादल्या भरल्या आणि दारापर्यंत गेले, तेव्हा आठवलं. त्या ओतून टाकायला नको वाटलं. अजून दाराशीच आहेत. रात्री जेवणाची भांडी त्यात घासीन.

चुना शेवटपर्यंत चांगला होता. तेवढं तुला ठाऊक असावं.

पत्र टाक, गिडी. दोन ओळींचं चालेल.

तुझी बहीण,
ऑस्ला